कुंड्यांना आपोआप पाणी देणारी यंत्रणा, घरात कुत्रा असताना

वसंतात ऊन दर आठवड्याला वाढत जातं आणि रोपांची तहानही. त्यामुळे रोज ठरावीक वेळी ठरावीक मिनिटं पाणी सोडणारा टायमर या दिवसांत उपयोगाचा नसतो. पहिल्या पंधरवड्यात तो माती चिखल करून ठेवतो आणि महिन्याभरात तोच कमी पडू लागतो. मातीतली ओल मोजून गरज असेल तेव्हाच पंप चालवणारी छोटी यंत्रणा घरी बनवता येते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये नवखा असलेला माणूसही दोन सुट्ट्यांच्या दिवसांत ती पूर्ण करू शकतो.

पण अंगणात किंवा गच्चीवर कुत्रा मोकळा फिरत असेल तर या कामाचा क्रम बदलतो. आधी कुत्र्याचा विचार करायचा, मग पाण्याचा, आणि सर्किटचा सगळ्यात शेवटी. पुढचे सगळे निर्णय दोन गोष्टींवर तपासून घ्या. काहीही बिघडलं तरी पंप बंदच पडला पाहिजे, चालू राहता कामा नये. आणि कुत्र्याने काहीही तोंडात धरलं तरी त्याला इजा होता कामा नये.

पहिलं काम: कुत्र्याच्या वाटा पाहून घेणं

एक-दोन दिवस काहीही न बसवता नुसतं बघा. कुत्रा कुंपणाच्या किंवा कठड्याच्या कडेने एकाच वाटेने फेऱ्या मारतो, सावलीच्या ठरलेल्या जागी पसरतो आणि ठरलेल्या कोपऱ्यात लघवी करतो. या वाटेवर नळी, वायर किंवा कुंडी ठेवलीत तर ती पडणार हे नक्की. त्याची वाट त्याला सोडून द्या आणि कुंड्या हलवा. त्याची सवय मोडण्यापेक्षा कुंड्या हलवणं कितीतरी सोपं.

नुकती भिजवलेली माती कुत्र्यांना फार आवडते, कारण ती मऊ असते, गार असते आणि तिला वास असतो. म्हणजे यंत्रणा सुरू झाली की उकरणं वाढण्याची शक्यता जास्त. मोठ्या कुंड्यांत रोपाभोवती मुठीएवढे गोटे मांडा. वाफा असेल तर मातीच्या ४-५ सेंटिमीटर खाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी पसरा आणि तिची टोकं खाली वळवून ठेवा. पंजाला जाळी लागली की बहुतेक कुत्री तिथला नाद सोडतात. जागा असेल तर एका कोपऱ्यात त्याच्यासाठी भुसभुशीत वाळूमातीचा खड्डा ठेवा आणि त्यात त्याचं खेळणं अर्धं पुरा. उकरायला हक्काची जागा मिळाली की बाकीच्या कुंड्या बऱ्याच वाचतात.

झाडंही एकदा तपासा. सायकस, कण्हेर, बिट्टी, एरंड, धोतरा, फॉक्सग्लोव्ह आणि अझेलिया कुत्र्यांना विषारी आहेत. डॅफोडिल आणि ट्युलिपचा सगळ्यात घातक भाग म्हणजे कंद, आणि उकरणाऱ्या कुत्र्याला तोच आधी सापडतो. कांदा-लसणाचे वाफेही त्याच्या आवाक्याबाहेर हवेत. झिनिया, सूर्यफूल, गुलाब, स्नॅपड्रॅगन निर्धास्त लावा.

खतांकडे लोक कमी लक्ष देतात. हाडांचा चुरा आणि रक्तखत यांचा वास कुत्र्याला जेवणासारखा येतो. ते पोटभर खाल्लं तर आतड्यात गोळा अडकू शकतो, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. एरंडीची पेंड तर कुत्रा असलेल्या घरात आणूच नका. कोकोच्या टरफलांचं आच्छादनही नको, कारण चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्यात असतं. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी कुत्र्याला झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. बुरशी आलेला कंपोस्टचा ढीग झाकून ठेवा.

सामान

मेंदू म्हणून ईएसपी३२ बोर्ड घ्या. कॅपॅसिटिव्ह प्रकारचा मातीतल्या ओलीचा सेन्सर घ्या. दोन उघड्या धातूच्या काट्यांचा रेझिस्टिव्ह सेन्सर स्वस्त असतो, पण त्यातून वीज वाहते तेव्हा काटे गंजून झिजतात आणि थोड्याच दिवसांत त्याचे आकडे भरकटतात. ५ व्होल्टवर चालणारा, पाण्यात बुडवायचा छोटा पंप लागेल. पंप चालू-बंद करायला आयआरएलझेड४४एनसारखा लॉजिक-लेव्हल मॉस्फेट (बोर्डच्या कमी व्होल्टेजवरही उघडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), एक १एन४००७ डायोड, २२० ओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पाण्याची पातळी बघणारा फ्लोट स्विच आणि ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर. शिवाय झाकणाची अपारदर्शक बादली, ४ मिलिमीटरची नळी, टी-जोड आणि वायर आत घ्यायच्या ग्लँडसह आयपी६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याची धार आत न घेणारा) प्लास्टिकचा डबा.

रिले (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) वापरू नका असं सुचवण्यामागे कारण आहे. बाजारातली बरीच रिले मॉड्यूल सिग्नल 'लो' झाला की चालू होतात, त्यामुळे बोर्ड सुरू होण्याच्या क्षणी किंवा वायर सैल झाल्यावर पंपाला झटका बसू शकतो. रिलेचे संपर्क चिकटले तर पंप बंदच होत नाही. आयआरएफ५२० या मॉस्फेटची मॉड्यूलंही सगळीकडे मिळतात, पण ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवर तो मॉस्फेट पुरता उघडत नाही. पंप दबक्या चालीने फिरतो आणि मॉस्फेट तापतो.

बॅटरीचा मोह टाळा. लिथियम सेल कुत्र्याने चावला तर तोंड भाजतं. बटण सेल गिळला तर अन्ननलिकेला फार लवकर जखम होते. असं झालंच तर घरी उलटी करवू नका, तडक पशुवैद्याकडे न्या. अडॅप्टर घरातच कोरड्या जागी लावायचा आणि बाहेर फक्त ५ व्होल्टची वायर न्यायची. मुख्य विजेची एकही वायर बागेत नको.

पाण्याची बाजू आधी, सर्किट नंतर

यंत्रणा थेट नळाला जोडू नका, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. १२ लिटरची बादली असेल तर सगळंच बिघडलं तरी जास्तीत जास्त १२ लिटर पाणी जमिनीवर येईल. नळाला अशी मर्यादा नसते.

पंप बादलीच्या तळाशी बसवा, पण उघडा नको. कुत्रा पाळलेल्या घरात बादलीत केस पडतातच, झाकण असलं तरी. ते पंपाच्या पात्याभोवती गुंडाळले जातात. पंप गुणगुणत राहतो, पाणी मात्र येत नाही. पंपाला जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा बांधून ठेवा. तरीही अडकलाच तर पुढचं छोटं झाकण नखाने ओढून काढा. आत चुंबकाच्या दांड्याला चिकटलेलं पांढरं पातं असतं, ते सरळ बाहेर येतं. त्याच्या मुळाशी केसांचं घट्ट कडं दिसेल. चिमट्याने ते काढा, पातं परत ढकला, झाकण बसवा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता सायफनचं बघू. नव्या लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नळीचं सुटं टोक बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर पंप बंद झाल्यावरही पाणी वाहत राहतं, थेट बादली रिकामी होईपर्यंत. प्रोग्राममध्ये चूक शोधत संध्याकाळ जाते आणि चूक असते नळीत. कुंड्या विटांवर चढवून नळीची तोंडं बादलीच्या काठापेक्षा वर ठेवता आली तर उत्तम. ते जमत नसेल तर नळी बादलीच्या आत पाण्याच्या वर जिथे सगळ्यात उंच जाते तिथे तापवलेल्या सुईने १-२ मिलिमीटरचं भोक पाडा. पंप चालू असताना त्यातून बारीक धार परत बादलीत पडेल, पडू द्या. पंप थांबला की तिथून हवा आत शिरते आणि सायफन तुटतो.

दाब-नियंत्रित ठिबक तोट्या या पंपाबरोबर चालत नाहीत, कारण त्यांना लागणारा दाब हा पंप देऊच शकत नाही. हाताने फिरवून धार कमी-जास्त करता येणाऱ्या तोट्या लावा. जवळच्या कुंडीला जास्त आणि लांबच्या कुंडीला कमी पाणी जातं, म्हणून जवळच्या तोट्या थोड्या आवळा.

मग मोजमाप. प्रत्येक तोटीखाली एक पेला ठेवा, पंप बरोबर ६० सेकंद चालवा आणि पाणी मोजा. समजा सहा कुंड्यांत प्रत्येकी १५० मिलिलिटर आलं. मधल्या आकाराच्या कुंडीला ६०० मिलिलिटर लागत असेल, तर पंप ४ मिनिटं चालायला हवा. पण सलग ४ मिनिटं नको, कारण कोरडी माती पाणी पटकन पीत नाही आणि ते कडेने खाली निघून जातं. २ मिनिटं पाणी, अर्धा तास विश्रांती, मग पुन्हा २ मिनिटं. सहा कुंड्यांचं दिवसाला ३.६ लिटर होतं, म्हणजे १२ लिटरची बादली तीन दिवस पुरते.

बादलीवर घट्ट झाकण हवं. उघड्या पाण्यात डास होतात, उजेड लागला की शेवाळ धरतं आणि कुत्रा त्यात तोंड घालतोच. म्हणून या पाण्यात विरघळणारं खत कधीच टाकायचं नाही, ते हाताने वेगळं द्या. कुत्र्याचं स्वतःचं पाण्याचं भांडं शेजारी भरलेलं असेल तर त्याला बादलीचं आकर्षण उरत नाही.

जोडणी

सोल्डरिंग करताना कुत्रा दुसऱ्या खोलीत असू द्या. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास तापलेलं असतं, आणि टेबलाखालून धावणाऱ्या कुत्र्याच्या पायात वायर अडकली की ती खाली ओढली जाते. काम झाल्यावर जमीन झाडून घ्या. वायरची कापलेली टोकं, केबल-टायचे तुकडे, सोल्डरचे मणी, जस्ताचा मुलामा असलेले नट हे सगळं कुत्रा चाटून जातो, आणि पोटात गेलेलं जस्त रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं.

सेन्सरचा सिग्नल ३४ क्रमांकाच्या पिनला द्या. ईएसपी३२ मध्ये वायफाय चालू असताना एडीसी२ गटातल्या पिना (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग) वाचता येत नाहीत. ३२ ते ३९ मधल्या पिना एडीसी१ गटात येतात आणि त्या कायम चालतात. सेन्सरला ३.३ व्होल्ट द्या.

मॉस्फेटला गेट, ड्रेन आणि सोर्स असे तीन पाय असतात. त्याचा गेट २२० ओहममधून २६ क्रमांकाच्या पिनला जोडा आणि गेट ते ग्राउंड १० किलोओहम लावा. हा दहा किलोओहमचा रेझिस्टर अजिबात गाळू नका. बोर्ड सुरू होत असताना पिन अधांतरी असते, तेव्हा गेटला खाली धरून ठेवण्याचं काम हाच करतो. ०, २, १२ आणि १५ या पिना पंपासाठी वापरू नका, बोर्ड सुरू होताना त्यांना वेगळी कामं असतात. पंपाची धन वायर थेट ५ व्होल्टला, ऋण वायर मॉस्फेटच्या ड्रेनला आणि सोर्स ग्राउंडला. डायोड पंपाच्या दोन टोकांमध्ये, पट्टा असलेली बाजू धन टोकाकडे. तो उलटा लागला तर मॉस्फेट उघडताच पुरवठा शॉर्ट होतो, म्हणून वीज देण्याआधी पट्टा दोनदा बघा. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्टच्या वायरींवर लावा, त्याची ऋण खूण ग्राउंडकडे. फ्लोट स्विच २७ क्रमांकाची पिन आणि ग्राउंड यांच्यात, अंतर्गत पुल-अप (पिन अधांतरी न ठेवता वर धरून ठेवणारा बोर्डमधला रेझिस्टर) चालू करून. पाणी असताना तो बंद, म्हणजे जोडलेला, राहील असा बसवा. मग वायर तुटली तरी बोर्डला 'पाणी नाही' असंच कळेल आणि पंप चालणार नाही.

सेन्सरच्या वरच्या टोकाला असलेले सुटे भाग जलरोधक नसतात. त्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन-तीन थर द्या, पट्टीच्या कापलेल्या कडांनाही, कारण पाणी तिथून आत मुरतं.

डबा कुत्र्याच्या उडीच्या वर बसवा, जमिनीपासून दीड मीटर तरी. वायरी डब्याच्या तळातून आत घ्या आणि ग्लँडच्या आधी प्रत्येक वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळून पडेल. तिथून खालची प्रत्येक वायर कडक पीव्हीसी पाइपातून न्या आणि पाइप भिंतीला क्लॅम्पने पक्का करा. पिल्लू दात बदलण्याच्या वयात असेल तर ते पाइपाची टोकंसुद्धा कुरतडतं, तेव्हा टोकं कुंड्यांच्या मागे वळवा. कडू फवाऱ्यावर भरवसा ठेवू नका, पाण्याने तो धुऊन जातो.

सेन्सरला माती ओळखायला शिकवणं

हवेत धरल्यावर आणि पेल्यातल्या पाण्यात बुडवल्यावर आलेले आकडे फक्त सेन्सर जिवंत असल्याचं सांगतात. खरं मोजमाप तुमच्या मातीतच करावं लागतं. कुंडी भरपूर भिजवा, पाणी निथळू द्या आणि तासाभराने आकडा लिहून ठेवा. मग पाणी न देता रोज बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून बघा. आत कोरडं लागेल त्या दिवशीचा आकडा म्हणजे पाणी देण्याची खूण. ओल वाढली की या सेन्सरचा आकडा कमी होतो हे लक्षात असू द्या. प्रोग्राममधली तुलना उलटी लिहिली तर ओल्या मातीलाच पाणी मिळत राहतं.

ओल आणि कोरडेपणा यांत आकडा जेमतेमच हलत असेल तर सेन्सरवरची चिप बघा. काही स्वस्त सेन्सरांवर एनई५५५ लावलेली असते, तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि ३.३ वर ती धड चालत नाही. टीएलसी५५५ असलेला सेन्सर घ्या.

सेन्सर रोपाच्या बुंध्यापासून थोडा लांब, सगळ्यात लवकर सुकणाऱ्या कुंडीत, छापलेल्या रेषेपर्यंतच खोचा आणि भोवतालची माती दाबा. पट्टी आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर त्याला हवा दिसते, तो 'कोरडं' म्हणतो आणि पाणी सुटतच राहतं. कुत्र्याने कुंडीला धक्का दिला की नेमकी हीच पोकळी तयार होते, त्यामुळे रोज येता-जाता एकदा बोटाने चाचपून बघा. नुकत्या पेरलेल्या बियांना या यंत्रणेवर सोडू नका. त्यांना वरचा एक सेंटिमीटर ओला लागतो, आणि सेन्सर मोजतो तो त्याच्या खालचा थर. त्यांना हातानेच पाणी शिंपडा.

प्रोग्राम कसा असावा

भाषा कुठलीही घ्या, आर्डुइनो किंवा मायक्रोपायथन. सुरुवातीला वायफाय बंदच ठेवा. पाणी देण्यासाठी इंटरनेट लागत नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बिघडलेली बरी.

पहिलीच ओळ पंपाची पिन बंद करणारी हवी. मग बोर्ड सुरू झाल्यावर अर्धा तास काहीही करू नये. ही अट विचित्र वाटते, पण तिचं मोल मोठं आहे. पंप सुरू होताना व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होत असेल तर आजच्या पाळ्यांचा हिशेबही पुसला जातो, आणि यंत्रणा दिवसभर पुन्हापुन्हा 'पहिली पाळी' देत बसते. अर्ध्या तासाच्या थांब्यामुळे हे चक्र तिथेच तुटतं.

त्यानंतर दर अर्ध्या तासाने अकरा वेळा सेन्सर वाचा, आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. सरासरी घेतली तर एखादा भलताच आकडा सगळं बिघडवतो. मधला आकडा शून्याजवळ किंवा ४०९५ जवळ (बोर्ड वाचू शकतो तो सगळ्यात मोठा आकडा) असेल तर वायर तुटली आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे असं समजून पंप चालवू नका, फक्त दिवा लावा. बादलीत पाणी नसेल तरी तेच, कारण कोरडा चाललेला पंप लवकरच जळतो. सगळं ठीक असेल आणि माती कोरडी असेल तर २ मिनिटं पाणी. दिवसाला अशा चारच पाळ्या, पाचवी कधीच नाही. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर बोर्ड आपोआप रीसेट करणारी सोय) चालू ठेवा आणि पंप चालू असताना दर सेकंदाला त्याला खूण द्या. सरळ दोन मिनिटांचा डिले लिहिलात तर एक तर वॉचडॉग मध्येच बोर्ड रीसेट करतो, किंवा तो बंद ठेवावा लागतो आणि अडकलेला प्रोग्राम पंप चालूच ठेवतो.

कुंड्यांना जोडण्याआधी

पूर्ण एक दिवस नळ्यांची तोंडं रिकाम्या बादलीत सोडून यंत्रणा चालवा. सेन्सर कोरड्या हवेत ठेवला तर बरोबर चार पाळ्या होऊन ती थांबली पाहिजे. पंप चालू असताना अडॅप्टर काढून परत लावा, पंप आपोआप सुरू होता कामा नये. सेन्सरची वायर उपसा. फ्लोट हाताने खाली दाबा. प्रत्येक वेळी पंप बंद राहायला हवा.

पंप सुरू होताच बोर्ड रीसेट होत असेल तर आधी ५ व्होल्टची वायर बदला. लांब आणि बारीक यूएसबी वायरीत व्होल्टेज गळतं. पंप चालू असताना बोर्डजवळ मल्टिमीटर लावा. ४.७ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर जाड वायर टाका. आकडे सकाळी एक आणि दुपारी एक येत असतील तर जंपर वायरी सैल आहेत का बघा. ओल्या हवेत त्या टिकत नाहीत, पक्क्या सोल्डर करा. डब्यात आतून दव धरत असेल तर सिलिका जेलची पुडी ठेवा. पुडी डब्याबाहेर पडली तर कुत्रा ती फाडणार, तेव्हा झाकण स्क्रूचंच घ्या.

पहिला आठवडा कुठेही गावाला जाऊ नका. रोज सकाळी एका कुंडीत बोट घालून बघा, बादलीतली पातळी काठीवर खूण करून मोजा आणि आकडे वहीत लिहा. दिवसाला सव्वासात लिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल तर कुठेतरी जोड गळतो आहे, किंवा नळी कुत्र्याने चावली आहे. दाताची भोकं जोडीने असतात आणि बहुतेकदा नळीच्या खालच्या अंगाला, त्यामुळे वरून दिसत नाहीत. नळी हातात घेऊन उलटी फिरवा, ओल लगेच बोटाला लागेल. तेवढाच तुकडा कापून टाका, सरळ जोडाने टोकं जुळवा आणि या वेळी नळी कुंडीच्या पाठीमागून न्या.